कय्यूमभाईंचा परवाना आणि माझी सही

माझ्या सासऱ्यांना एकदा स्वतःच्याच चालचलनाचा अहवाल स्वतःच लिहून सरकारला पाठवावा लागला, आणि ते माझ्यामुळे घडलं.

सासरे गेले त्याला बरीच वर्षं झाली. मी आता अठ्ठ्याहत्तरीत आहे. डॉक्टरांनी साखर, मीठ आणि जिना ही तिन्ही बंद केली आहेत. खरं बोलायला मात्र अजून बंदी नाही, तेव्हा तेवढं उरकून घ्यावं म्हणतो.

तेव्हा मी परतूरच्या अलीकडे एका गावात शाळामास्तर होतो. (गावाचं नाव सांगत नाही. तिथं माझे व्याही राहतात.) साल नव्वदच्या दोन-तीन वर्षं आधीचं. श्रावण लागला आणि आमची ही मुलांना घेऊन पंचमीला माहेरी निघाली. माहेर म्हणजे केदारखेड्याच्या बाजूचं एक खेडं. दोन एसट्या आणि एक बैलगाडी, एवढं लांब. हिचे वडील तिथले पोलीस पाटील. गावात कोंबडी हरवली तरी ते पंचनामा करत. (कोंबडी सापडलीच, तर तिचाही जबाब घेत असावेत.)

निघताना हिनं कमरेची किल्ली काढली. ती आमच्या पेटीची. लग्नात सासऱ्यांनी दिलेली हिरवी लोखंडी पेटी, झाकणावर रंगवलेले दोन मोर, आणि तिला हैदराबादहून आणलेलं सात लिव्हरचं पितळी कुलूप. हिचा शालू, दागदागिने, मुलांचे जन्माचे दाखले, सगळं त्यात. या कुलपाला मुळात दोन किल्ल्या होत्या. त्यातली एक मी लग्नानंतर चौथ्या महिन्यात हरवली होती.

"तुमच्यापाशी ठिवून राह्यले," ही म्हणाली, "पण खिशात न्हाई. हात वर करा."

मी हात वर केले. हिनं किल्ली माझ्या कमरेच्या करदोड्यात ओवली आणि वर तीन गाठी मारल्या.

"आता हरवून दाखवा! आणि हरवलीच, तं मला आणायला येऊ नका. मी तिकडंच राहीन."

चौथ्या दिवशी मी हरवून दाखवली.

त्याचं असं झालं. श्रावणात विहिरी तुडुंब. शाळेतली पोरं पोहत होती. त्यातल्या एकानं विचारलं, "गुरुजी, तुम्हाला सूर मारता येतो का?" येत नाही असं म्हणायची मास्तरला सवय नसते. मी काठावरून सूर मारला. म्हणजे, मारायला गेलो सूर, पण विहिरीत पडलं ज्वारीचं पोतं! वर आलो तेव्हा पोट लालबुंद, आणि कमरेला करदोडा नाही. गाठी तिन्ही पक्क्या असणार. दोराच जुना होता. पोरांनी बुड्यांवर बुड्या मारल्या. एकाला तळाशी तांब्या सापडला. तो माझा नव्हता.

"काय हरवलं गुरुजी?"

"करदोडा. चांदीचा होता," मी म्हणालो. माझ्या खोटेपणाला सुरुवात झाली ती अशी, विहिरीत, ओल्या अंगानं.

गावात किल्ल्या करणारे एकच, कय्यूमभाई. स्टेशनच्या रस्त्याला त्यांची टपरी. त्या वर्षी गावात दोन-तीन घरफोड्या झाल्या होत्या, म्हणून ठाण्यानं हुकूम काढला होता: किल्लीवाल्यानं परवाना घ्यायचा आणि रजिस्टर ठेवायचं. कोण आलं, गाव कोणतं, कुलूप कशाचं, किल्ली कशानं हरवली, आणि खाली गिऱ्हाइकाची सही. जमादार दर आठवड्याला रजिस्टर तपासणार. नोंद खोटी निघाली, तर परवाना जप्त. कय्यूमभाईंनी तो परवाना काचेत मढवून टपरीत वर टांगला होता. रोज सकाळी आधी काच पुसायची, मग कानशी बाहेर काढायच्या.

"या एका कागदावर आठ तोंडं जेवतेत, मास्तर," ते म्हणायचे.

आता यात माझी अडचण अशी की रजिस्टर तपासणारे जमादार हे आमचे शेजारी. भिंतीला भिंत. आणि जमादारीणबाई म्हणजे आमच्या हिची जिवलग मैत्रीण. माझं नाव त्या रजिस्टरात चढलं, तर ही माहेराहून परत यायच्या आत तिला कळणार. किंबहुना परत यायचीच नाही! मग घरात मी, आणि रोज हातानं थापलेल्या माझ्या भाकरी! (त्या खाऊन आमचं कुत्रं शेजारी राहायला गेलं होतं.)

पेटी सायकलच्या कॅरियरला बांधली, वर चादर टाकली आणि मागच्या गल्लीनं स्टेशनरोड गाठला.

कय्यूमभाईंनी कुलूप हातात घेतलं आणि एखाद्या बाळाचं कौतुक करावं तसं गोंजारलं. "हैदराबादी हाय. जल्दी न्हाई व्हायचं." कोरी किल्ली दिव्याच्या ज्योतीवर काळी करायची, कुलपात घालून हलकेच फिरवायची, काढायची, आणि जिथं काळं पुसलं गेलं तिथं कानस चालवायची. असं कितीदा केलं त्याची गणती नाही. दोन किल्ल्या वाया गेल्या. तिसरीला टक् असा आवाज आला आणि कुलूप सुटलं.

आणि काय आश्चर्य! कुलूप सुटताच कय्यूमभाई पाठ फिरवून भिंतीकडं तोंड करून बसले.

"काय झालं हो?"

"झाकण उघडून बघा, सामान बराबर हाय का. मी बघत न्हाई."

"अहो, बघा की! त्यात काय आहे?"

"उस्तादाचा कायदा हाय, मास्तर. आपण कुलूप उघडायचं, झाकण न्हाई. कुणाचं कुलूप, आत काय, हे तोंडातून काढायचं न्हाई. काढलं तं हातातलं हुन्नर जातं."

मी झाकण लावल्यावर ते वळले. वाया गेलेल्या दोन्ही किल्ल्या त्यांनी माझ्यासमोर ऐरणीवर ठेवून हातोड्यानं मोडल्या आणि तुकडे माझ्या हातात दिले. मग रजिस्टर पुढं केलं.

"मला उर्दू येते, मराठी न्हाई. गिऱ्हाईकच लिहितं. तुम्ही तं मास्तर! लिहा, बिलकुल फुरसतीनं लिहा."

मी पेन उघडलं. माझं नाव? शक्य नाही. वडिलांचं? आडनाव तेच. दुसरं कुणाचं तरी, लांबचं, इथं कुणाला ठाऊक नसलेलं... आणि पेनानं आपलं आपण लिहिलं: माझ्या सासऱ्यांचं नाव, वडिलांच्या नावासकट, गावासकट, तालुका भोकरदन! इतक्या लांबचं कोण तपासणार? 'वस्तू' या रकान्यात तर मी निबंधच लिहिला. 'हिरव्या रंगाची लोखंडी पेटी, झाकणावर मोर नग दोन, पितळी कुलूप, सात लिव्हर.' किल्ली कशी हरवली? 'प्रवासात गहाळ.' खाली सही. मोत्यासारखं अक्षर! शाळेत सुलेखनाची बक्षिसं मीच वाटायचो.

कय्यूमभाईंना वाचता येत नव्हतं. पण त्यांनी पान प्रेमानं न्याहाळलं. "वा! क्या लिखा है!"

घरी येऊन नवी किल्ली राखेत घासली, तेलात बुडवली, परत राखेत घासली, जुनी वाटेपर्यंत. नवा करदोडा आणला. ही आली, तिनं गाठी सोडल्या, पेटी उघडली आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होती.

"सुधारलात म्हणायचं!" ही म्हणाली.

तिच्या त्या शब्दानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

इकडं जमादारांनी रजिस्टर तपासलं. परक्या तालुक्याचा माणूस कुलूपबंद पेटी घेऊन येतो, इथं उघडून घेतो आणि निघून जातो? जमादारांच्या मिशीला चोरीचा वास आला. त्यांनी भोकरदनकडं कागद पाठवला: सदर इसम त्या गावी राहतो काय, व त्याचे चालचलन कसे, याचा अहवाल गावच्या पोलीस पाटलांकडून घेण्यात यावा.

कागद फिरत फिरत पोलीस पाटलांकडं गेला. म्हणजे सदर इसमाकडंच!

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एक दिवस शाळा सुटल्यावर घरी आलो, तर दारात ओळखीचा जोडा. आत पांढराशुभ्र फेटा, हातात काठी, आणि साक्षात सासरे त्या हिरव्या पेटीवर बसलेले.

"मामा, तुम्ही? अचानक?"

"बसा, जावईबापू. लई नाजूक मामला हाय." त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढला, चष्मा लावला. "माझं नाव सांगून कुणीतरी तोतया तुमच्या गावात फिरून राह्यलाय!"

मी भिंतीचा आधार घेतला. ही चहाची कपबशी घेऊन दारात उभी होती. "बघा ना! आबांचं नाव! मेल्याचे हात झडतील!"

माझे हात आपोआप पाठीमागं गेले.

"तुम्ही काय उत्तर दिलं, मामा?"

"सरकारी कागद हाय. खरं तेच लिहिलं." आणि त्यांनी त्यांच्या अहवालाची नक्कल वाचून दाखवली. ती मला अजून पाठ आहे. "'सदर इसम या गावी राहतो. सदर इसम म्हणजे मी स्वतः. त्यास मी जन्मापासून ओळखतो. चालचलन उत्तम. सदर दिवशी तो गाव सोडून गेला नव्हता, कारण मी दिवसभर त्याच्यासोबत होतो. आपण किल्ली केली नाही, असे तो सांगतो, व त्याच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे.'"

दुसरं कुणी असतं तर मी हसून लोळलो असतो. मला घाम फुटला होता.

"पण एवढ्यावर भागत न्हाई," मामा म्हणाले. "आता हे वस्तूचं ऐका. हिरवी पेटी. मोर दोन. पितळी कुलूप. सात लिव्हर." प्रत्येक शब्दाला ते बसल्या पेटीवर काठीनं ठोकत होते. "काय ध्यानात येतं?"

"का... काही नाही."

"अहो, हीच पेटी की!"

मी दाराकडं एक पाऊल सरकलो.

"म्हंजे हिच्यासारखीच! चोरानं डाव काय टाकला बघा. ह्या पेटीची जुळी पेटी पैदा केली, तिच्यावर किल्ली बनवून घेतली, आणि आता त्या किल्लीनं ही उघडणार! चोर तुमच्या घरावर नजर ठेवून हाय, जावईबापू. पण घाबरू नका. मी आलोय. चोर सापडल्याशिवाय जायचा न्हाई!"

आणि त्यांनी त्याच पेटीवर अंथरूण टाकलं. तीन दिवस ते पेटीवर बसले, पेटीवर जेवले, पेटीवर झोपले. माझ्या संरक्षणासाठी! मी पाणी प्यायला उठलो तरी ते "कोण हाय?" म्हणून काठी उगारत. खरं उत्तर मला ठाऊक होतं. देता येत नव्हतं.

चौथ्या दिवशी जमादारांनी बोलावणं धाडलं. कय्यूमभाईंना रजिस्टर घेऊन ठाण्यात बोलावलं होतं. त्यांच्याकडून चोराची ओळख पटवायची! मी "शाळेत रजेचा अर्ज देऊन येतो" म्हणून सुटलो तो थेट टपरीवर.

कय्यूमभाई परवान्याची काच पुसत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांचं फडकं थांबलं.

"म्हंजे ते नाव तुमचं न्हाई?"

"नाही."

"मास्तर... मेरेकू डुबाया तुम्ही! मी तं म्हनलं, शिकेल माणूस हाय, झूट कशाला लिहील!" ते खाली बसले. बराच वेळ कानशीच्या दातांवरून बोट फिरवत राहिले. "परवाना जाईल आता."

"तुम्ही सांगून टाका ना, मी आलो होतो म्हणून."

"कसं सांगू? उस्तादाला जबान देल्ती. कुलूप कुणाचं, ते माझ्या तोंडातून निघायचं न्हाई. सरकारचा कायदा आत्ता आला, तो जुना हाय." मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "पण तुम्ही सांगू शकता. तुम्ही स्वतः सांगितलं, तं माझी जबान बी राहती, कागद बी राहतो."

"सांगतो! नक्की सांगतो! ठाण्यात सगळ्यांसमोर सांगतो!" मी त्यांचा हात धरून म्हणालो. त्या क्षणी मला ते खरंच वाटत होतं.

घरी आलो तर मामांचा नवा हुकूम. "पेटी बी ठाण्यात घ्यायची. नमुना म्हणून!"

पुन्हा पेटी सायकलच्या कॅरियरला. पुन्हा तोच रस्ता. मी सायकल ढकलतोय, मामा एका बाजूनं, ही दुसऱ्या बाजूनं, जणू पेटीची मिरवणूकच. स्टेशनजवळच्या पानवाल्यानं टपरीतून मान बाहेर काढली.

"काय मास्तर, परत पेटी?"

मामा थबकले. "परत म्हंजे?"

भीतीला कधीकधी अक्कल सुचते. "मागं... मागं बदली होऊन आलो तेव्हा नेली होती ना, ते म्हणतोय तो."

"सात वर्षांखालचं ध्यानात ठिवलं?" मामा खूष झाले. "असा साक्षीदार पाह्यजे! त्याला बी घेऊ का संगं?"

"नको, नको! त्याचं दुकान उघडं आहे!"

ठाण्यात टेबलावर रजिस्टर. एका बाजूला जमादार, समोर खुर्चीवर मामा, बाकावर ही, कोपऱ्यात कय्यूमभाई उभे, हातात काढून आणलेला परवाना, काचेसकट. मी मध्ये कुठं उभं राहावं ते न कळून पेटीमागं उभा राहिलो.

मामांनी रजिस्टर पुढं ओढलं आणि 'अरे!' असा उद्गार काढला. "चोराचं अक्षर काय देखणं हाय हो! शिकेल दिसतो. हे वळण... हे 'ळ'चं वळण मी कुठंतरी पाह्यलंय."

पाहणारच! मी त्यांना दर महिन्याला पत्र लिहीत होतो. मी खोकलो. इतका खोकलो की जमादारांनी पाणी मागवलं. (त्या दिवसापासून मी त्यांना सगळी पत्रं डाव्या हातानं लिहिली. "जावईबापूंच्या हाताला काय झालं?" असं त्यांनी हिला विचारलं होतं. ही म्हणाली, "वय.")

"बोला कय्यूमभाई," जमादार म्हणाले. "कोण आला होता?"

"याद न्हाई, साहेब."

"उंच होता का बुटका?"

"ध्यानात न्हाई."

"अर्धा दिवस तुमच्यासमोर बसला असंल, आणि तोंड ध्यानात न्हाई?"

"साहेब, मी माणूस बघतच न्हाई. कुलूप बघतो."

"मंग हे कुलूप बघा!" मामा गरजले. "पोरी, किल्ली दे इकडं."

हिनं कमरेची किल्ली काढली. ती कय्यूमभाईंची किल्ली, माझी राख आणि माझं तेल लागलेली, फिरून त्यांच्याच हातात गेली. त्यांनी ती बोटात धरली, उजेडाकडं केली. कारागिराला स्वतःची कानस ओळखू येत नाही होय?

"ही कशी वाटती?" जमादारांनी विचारलं.

"चांगलं काम हाय," कय्यूमभाई म्हणाले. आणि मग, देवाशपथ, त्यांना राहवलंच नाही. "लई चांगलं काम हाय!"

"कंपनीचं हाय," मामा अभिमानानं म्हणाले. "हैदराबादचं."

कय्यूमभाईंनी किल्ली परत दिली आणि माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. आता बोला, असं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं! तेवढ्यात ही बाकावरून म्हणाली, "जमादारभाऊ, मी सांगते, तो चोर सापडला ना, तं माझ्या हातात द्या. आबांचं नाव बदनाम करतो का!" माझं तोंड मिटलं. थोड्या वेळानं परत उघडलं. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघा, आमचे जावई कसे थरथर कापून राह्यलेत रागानं!" परत मिटलं. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा त्यातून आवाज आला, "चहा घेणार का कुणी?"

जमादारांनी सुस्कारा टाकला. माणूस वाईट नव्हता. "कय्यूमभाई, माझा इलाज न्हाई. नोंद खोटी निघाली. नियम म्हंजे नियम." त्यांनी परवाना रजिस्टरवर ठेवला आणि दोन्ही कपाटात टाकून कुलूप लावलं. "जप्तीच्या पंचनाम्यावर दोन पंच पाह्यजेत."

पहिली सही मामांनी केली.

दुसरी कुणाची, ते सांगायला नको. डाव्या हातानं केली.

मामा चोर न सापडता परत गेले, पण दर पत्रात शेवटची ओळ तीच: 'चोर सापडला काय?' आणि दर वेळी मी डाव्या हातानं लिहायचो: 'अद्याप नाही. तपास चालू आहे.'

कय्यूमभाई त्याच टपरीत छत्र्या आणि स्टोव्ह दुरुस्त करायला लागले. वर जिथं परवाना असायचा तिथं भिंतीवर पांढरा चौकोन राहिला होता. मला त्या रस्त्यानं जाववेना, आणि न जाऊनही राहवेना. मग मी काय करावं? घरची छत्री मोडली आणि दुरुस्तीला नेली. आठ दिवसांनी परत मोडली. मग स्टोव्ह बिघडवला. मग शाळेतल्या सहकाऱ्यांच्या छत्र्या हळूच मोडायला लागलो. भर हिवाळ्यात! ही म्हणाली, "तुमच्या हाताला काय झालंय हो? जे धराल ते मोडतंय." कय्यूमभाई मात्र प्रत्येक छत्री निमूट दुरुस्त करत. एकदाच म्हणाले, "मास्तर, छत्री मोडायला लई जोर लावता. इतका जोर ठाण्यात लावला असता तं..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. त्यांनी ते पूर्ण केलं असतं तर बरं झालं असतं.

परवाना परत मिळाला तो माझ्यामुळे नाही. चार महिन्यांनी जमादारांनीच ठाण्याच्या कपाटाची किल्ली हरवली! वरचे साहेब तपासणीला येणार, सगळी दप्तरं आत. कय्यूमभाईंना बोलावणं गेलं. भिंतीपलीकडचे शेजारी म्हणून जमादारांनी मलाही नेलं, धीराला. (धीराला, मला!)

"उघडा जल्दी," जमादार म्हणाले.

कय्यूमभाईंनी हात जोडले. "साहेब, बिनपरवाना कुलपाला हात लावणं गुन्हा हाय."

"अहो, मी सांगतोय ना! देतो परवाना परत!"

"द्या."

जमादार कपाटाकडं गेले, हात पुढं केला आणि थांबले. परवाना आत होता.

"आधी उघडा, मंग देतो."

"आधी द्या, मंग उघडतो. आणि साहेब, रजिस्टर बी लागंल. नोंदीबिगर उघडत न्हाई मी."

रजिस्टरही आतच होतं! शेवटी जमादारांनी एका कोऱ्या कागदावर एका कुलपापुरता परवाना लिहून दिला, आणि दुसऱ्या कागदावर स्वतःचं नाव, गाव, किल्ली कशी हरवली, सगळं लिहून खाली सही केली. कय्यूमभाईंनी ती नोंद माझ्याकडून वाचून घेतली. "नाव खरं हाय का, मास्तर? बराबर बघा." मी मान खाली घालून म्हणालो, "खरं आहे." कुलूप सुटलं. ते पाठ फिरवून भिंतीकडं तोंड करून बसले. जमादारांनी स्वतःच्या हातानं काच पुसून परवाना त्यांना दिला.

पण त्या चार महिन्यांचं काय? ते माझ्या छातीवर बसले ते आजवर उठले नाहीत. मामा गेले. शेवटच्या आजारात त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं. मी कान नेला. म्हणाले, "तो चोर..." मी म्हणालो, "मामा, तपास चालू आहे." त्यांनी समाधानानं डोळे मिटले. असा मी जावई.

मागच्या महिन्यात मी ठरवलं, आता पुरे. आधी हिला सांगितलं. सगळं, विहिरीपासून. ही ऐकत राहिली. मला वाटलं, हसेल. म्हणाली, "माझ्या बापाचं नाव लिहिलं? तुमच्या बापाला काय धाड भरल्ती?"

"त्यांचं लिहिलं असतं तर माझं आडनाव कळलं असतं."

त्यानंतर ती बारा दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवण मुलाच्या हातून पाठवायची. तेही अळणी. (म्हणजे मीठ डॉक्टरांनी बंद केलं, की हिनं, हे मला नीट सांगता येत नाही.)

मग कय्यूमभाईंकडं गेलो. ते आता माझ्याहून थकले आहेत. टपरीचं दुकान झालंय, मुलगा मशीनवर किल्ल्या करतो. दुकानात ही गर्दी! मी त्यांच्या पायांशी बसायला गेलो, तर त्यांनी खुर्चीवर बसवलं.

"कय्यूमभाई, मी आता सगळं लिहून छापणार आहे. माझ्या नावानिशी. तुमच्यावरचा डाग पुसायचा आहे मला."

ते एकदम ताठ बसले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती मी पहिल्यांदाच पाहिली. ठाण्यातसुद्धा नव्हती.

"न्हाई, न्हाई! असं करू नका, मास्तर!"

"का?"

"अहो, ह्या दुकानाची सगळी इज्जत त्याच्यावर हाय! अख्खा तालुका बोलतो, कय्यूमनं परवाना जाऊ देला, पण तोंड उघडलं न्हाई. म्हणून बडे-बडे लोक तिजोरीच्या किल्ल्या माझ्याकडंच करतेत. लोकायला वाटतं, कुण्यातरी मोठ्या पुढाऱ्याची तिजोरी होती. कुणी म्हणतं राजघराण्याची होती. मी हो बी म्हणत न्हाई, न्हाई बी म्हणत न्हाई." त्यांनी दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आता तुम्ही छापणार, की बायकोला घाबरणाऱ्या मास्तरची पेटी होती! मंग माझी काय राहिली?"

बरीच घासाघीस झाली. शेवटी त्यांनी लिहायची परवानगी दिली, ती अटीवर: त्यांचं नाव बदलायचं, गाव सांगायचं नाही, आणि लिहिणाऱ्याचं नाव तर कुठंच येऊ द्यायचं नाही.

तेव्हा संपादकसाहेब, या लेखाखाली कृपया कुणाचंही नाव घालू नये. स्वतःचं खरं नाव लिहायचा धीर यायला मला उभा जन्म लागला, आणि आता तो आला आहे तर ते नाव कुणालाच नको आहे!